रिकाम्या यादीतले हापसे

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा नेकनूरला होती आणि घरच्यांच्या मते माझ्या पायांना तेवढं चालायची गरज नव्हती. शेतावर त्याहून लांब चालत होते, ते कुणी मोजलं नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून शहरातले शिकलेले लोक म्हणतील, बाई थापा मारते. मी सहा वर्षं कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रॅममधल्या चुका काढायचं काम केलं. प्रोग्रॅम आपल्या इथला नव्हता. परदेशातल्या लोकांनी लिहिलेला होता आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी तो चार-पाच वेळा बदलला. माझ्या घरात माझ्या सांगण्यावरून भाजीतलं मीठसुद्धा कुणी बदललं नाही.

बीडला मोंढ्याच्या रस्त्यावर आप्पांचं मशिनरीचं दुकान होतं. हापशाचे सुटे भाग, म्हणजे वायसर, सळया, साखळ्या, दांडे असा सगळा माल. मी तिथं माल काढून द्यायला होते. कुठल्या हापशाला कुठला वायसर लागतो हे मला आप्पांपेक्षा जास्त कळायचं, पण गल्ल्यावर बसायला ते ज्ञान लागत नाही.

तो काळ असा होता की सरकारला जे ते ठेक्यानं द्यायची हौस आली होती. परदेशी कंपन्या येणार, सगळं खाजगी होणार आणि खाजगी झालं की सगळं सुधारणार, असं चहाच्या टपरीवरची माणसंसुद्धा बोलत. त्या हौसेत गावोगावच्या हापशांची दुरुस्तीही ठेक्यावर गेली. बीड आणि केज तालुक्यांतला बराच भाग आप्पांनी घेतला. आप्पा धर्मानं वागणारे, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, कपिलधारची यात्रा त्यांनी एकदाही चुकवली नाही. दुरुस्तीची तारीख त्यांनी कधी पाळल्याचं मला आठवत नाही.

ठेक्यात अट होती, प्रत्येक तक्रार नोंदवायची आणि ठेका देणाऱ्या साहेबांना महिन्याला दाखवायची. म्हणून मला फोनशेजारी बसवलं. पहिलं वर्ष वहीत लिहिलं. मग दुकानात आली आप्पांची सूनबाई.

सूनबाई लातूरची, कॉम्प्युटरची इंजिनियर. नाव राजश्री, पण दुकानात ते नाव कुणी वापरलं नाही. शिकलेली सून म्हणून आप्पांनी तिची डिग्री लग्नपत्रिकेत मोठ्या अक्षरात छापली होती. पत्रिका वाटून झाल्या आणि डिग्रीचं काम संपलं. नोकरी करायची नाही, कारण घरात कमी काय आहे. वर्षभर पोळ्या लाटून झाल्यावर तिनं आप्पांना सांगितलं, तक्रारींचं काम मी कॉम्प्युटरवर करून देते, दुकानाच्या मागच्या खोलीत बसते, बाहेर पडत नाही. समोरच्या खतवाल्याकडं कॉम्प्युटर आला होताच. आप्पांना तो बघवत नव्हता. हो म्हणाले.

प्रोग्रॅम तिनं फुकटात आणला. तिनं आम्हाला समजावलं की जगात काही लोक प्रोग्रॅम लिहितात आणि उघडा ठेवतात. कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावी. हा पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला होता. आप्पांनी विचारलं, त्या लोकांना यात काय मिळतं. ती म्हणाली, काही नाही. आप्पा बराच वेळ विचार करून म्हणाले, "मंग नजर ठिवा. काही न मिळता काम करणारा माणूस लई डेंजर."

आता हा प्रोग्रॅम काय करतो ते सांगते. तक्रारवही असते तसाच तो. प्रत्येक तक्रारीला एक नंबर. गाव कोणतं, कुणी सांगितलं, कोणत्या मिस्त्रीकडं काम दिलं आणि काम नवं आहे, चालू आहे की बंद झालं. सकाळी यादी उघडली की बाकी राहिलेलं सगळं समोर. गंमत अशी की तो लिहिणाऱ्यांनी तो मुळात असल्याच प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवायला केला होता, आणि त्याच्या स्वतःच्या चुकाही त्याच्यातच नोंदवत. तक्रारवहीची तक्रार तक्रारवहीत. आपल्याकडं असं केलं असतं तर पहिल्याच दिवशी वही हरवली असती.

इंग्रजी अक्षरं मी पन्नाशीला टेकल्यावर शिकले. सव्वीसच तर असतात. आपल्या बाराखडीपुढं ती अर्धी पंगतसुद्धा नाही.

पहिली चूक मी तिसऱ्या दिवशी काढली. तक्रार लिहून झाली की एक कळ दाबायची. दाबली की पडदा तसाच थांबायचा, म्हणून मी पुन्हा दाबायची, आणखी एकदा दाबायची. हापशाला पाणी येईपर्यंत आपण दांडा मारतोच की. यादीत बघितलं तर एका तक्रारीच्या तीन झालेल्या.

सूनबाई म्हणाली, "मावशी, असं कुणी करत नाही."

मी म्हणाले, "मी केलं ना. मी कुणीच न्हाई का?"

 मग तिनं मला चूक कशी लिहायची ते शिकवलं. मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. तीन ओळी, बस. आमच्या भागातले पुढारी फोन करत तेव्हा या तिन्ही ओळी सोडून चौथीच सांगत, ती म्हणजे मी कोण आहे.

दुसरा नियम असा की चूक पुन्हा करून दाखवता आली पाहिजे. एकदा झाली, पुन्हा होत नाही, तर ती चूक नाही, भास. आणि तिसरा नियम मला सगळ्यांत आवडला. चूक दुरुस्त करण्याआधी एक परीक्षा लिहायची. परीक्षा म्हणजे छोटा प्रोग्रॅमच, तो माझ्यासारखीच कळ दोनदा दाबून बघतो. ही परीक्षा आधी नापास व्हायला पाहिजे. नापास झाली म्हणजे आपण योग्य जागी बोट ठेवलं. मग दुरुस्ती करायची आणि ती पास होते. आधी नापास झाल्याबद्दल शाबासकी देणारी शाळा मी आयुष्यात ही एकच पाहिली.

सूनबाई इंग्रजीत लिहायची आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट लावून पाठवायची. तार एकच. जगाला चूक कळवायची तर तेवढा वेळ गावांचा फोन बंद. तिकडून शाबासकी यायची तेव्हा इकडं कुठंतरी एसटीडी बूथवर कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून आप्पांना शिव्या देत असायचं.

माझी प्रत्येक गोष्ट त्यांनी ऐकली असं नाही. युसूफ वडगावकडचे एक पुढारी रोज फोन करत. त्यांच्या गावचा हापसा ठणठणीत होता, फक्त तो त्यांच्या दारापुढं नव्हता. तो मोडीत निघावा आणि नवा दारापुढं बसावा एवढंच त्यांचं म्हणणं. "तातडीची म्हणून लिव गं," असं सांगून फोन ठेवून द्यायचे. तातडीची लिहिली की प्रोग्रॅम ती सगळ्यांत वर दाखवायचा. त्यांचं बघून बाकीचेही तातडीची म्हणायला लागले आणि अख्खी यादी तातडीची झाली. मी चूक लिहायला लावली की ज्याची तक्रार त्यालाच तातडी ठरवू देऊ नका. उत्तर आलं, ही चूक नाही, लोकांच्या मागणीवरून मुद्दाम तसं ठेवलंय. मला बरं वाटलं. म्हणजे पुढारी तिकडंही होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

नेकनूरकडच्या गावांना दगडू नावाचा मिस्त्री होता. हाताचा चांगला, तोंडाचा वाईट. मला म्हणायचा, कॉम्प्युटर काय हापसायला येणार का. एका सकाळी त्याचं आणि आप्पांचं सायकलवरून वाजलं. आप्पा म्हणत दुकानाची सायकल, तो म्हणे टायर माझे. काम सोडून गेला.

आमच्या दुकानात रीत होती. भिंतीवर फळा, त्यावर मिस्त्रींची नावं. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ओल्या फडक्यानं नाव पुसायचं. आप्पा त्या बाबतीत कडक. गेलेल्याचं नाव डोळ्यांसमोर नको. फळा पुसून झाल्यावर मला म्हणाले, "कॉम्प्युटरातूनबी काढ." मी काढलं. प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की का. मी आनंदानं हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यादी आखूड दिसली. मला वाटलं, सूनबाईनं झालेली कामं बंद केली. सूनबाईला वाटलं, मी बंद केली. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही, कारण आखूड यादी बघून कुणी काही विचारत नसतं. केजच्या मिस्त्रीकडं नेकनूरकडच्या नव्या तक्रारी जायला लागल्या, तेवढ्या त्यानं मिटवल्या. महिनाअखेरीला यादी पूर्ण रिकामी झाली. आप्पांनी ती साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, अशी यादी मी नोकरीत पाहिली नाही. खरं बोलले.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात नेकनूरपलीकडच्या वस्तीवरून सखूबाई एसटीनं आली. वस्तीवर एकच हापसा. तो सांभाळायला गावानं तिला नेमलेलं, पाना तिच्या ताब्यात. हापसा बंद पडला त्या दिवशी ती नेकनूरपर्यंत चालत गेली, बूथवरून फोन केला, मी तक्रार घेतली. मिस्त्री काही आला नाही. बायका ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. गावातल्या बाप्यांनी ठरवून टाकलं होतं की हिनं फोन केलाच नाही, नुसतं सांगते. पाना तिच्याकडून काढून घेणार होते.

सूनबाईनं यादी बघितली. काही नाही. गावाचं नाव घालून शोधलं. काही नाही.

आप्पा सखूबाईला म्हणाले, "कॉम्प्युटरात न्हाई म्हंजी तक्रार न्हाई."

"मी केलता की फोन. ह्याच बाई बोलल्या तिकडून, त्योच आवाज."

आप्पा माझ्याकडं वळले. "गयाबाई, घेतलतीस का हिची तक्रार?"

"घेतली."

"मंग कुटं हाय? कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

 तो खोटं बोलतो हे मी तीन वर्षं त्यांना ऐकवत होते, पण त्यांना ती माझी गंमत वाटायची. आप्पा म्हणाले, तुझं वय झालं, डोक्यात राहत नसंल, पुढच्या आठवड्यापासून फोनवर दुसरं माणूस बघतो. आवाज चढवला नाही. वायसरचा डबा रिकामा झाला म्हणून सांगावं तसं सांगितलं.

तेव्हा सखूबाईनं चोळीची बाही वर केली. तक्रार घेतल्यावर मी प्रत्येकाला नंबर सांगायची. तिनं तो बूथवाल्याकडून कागदावर लिहून घेतलेला, घरी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं काढून ठेवलेला आणि निघताना कुणाकडून तरी दंडावर पेननं उतरवलेला. घामानं शेवटचा आकडा फिस्कटला होता. "ह्यो नऊ हाय," ती म्हणाली.

सूनबाईनं यादी सोडून थेट नंबर घातला. तक्रार उघडली. गाव, तारीख, सखूबाईचं नाव, सगळं होतं. मिस्त्री, दगडू. स्थिती, नवी.

आप्पांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, झालं तर, उद्या केजचा मिस्त्री पाठवा. आणि जेवायला गेले. मला काढायचं त्यांनी परत घेतलं नाही, पुन्हा बोललेही नाहीत. मालक लोकांची माफी अशीच असते, ती आपण समजून घ्यायची. सखूबाईचा हापसा दुसऱ्या दिवशी सुरू झाला, पाना तिच्याकडंच राहिला. तिचं काम संपलं.

आमचं संपलं नव्हतं. नंबरानं सापडते ती यादीत का नाही? आणि एक दिसत नाही तर आणखी किती? सूनबाई दोन दिवस खोट्या तक्रारी लिहून बघत होती. प्रत्येक तक्रार यादीत मुकाट्यानं यायची. पुन्हा करून दाखवता येईना, म्हणजे नियमानं चूकच नाही.

मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तक्रारीवरचं दगडूचं नाव डोक्यातून जाईना आणि फळ्यावरची पुसलेली जागा समोरच होती. पण मी बोलले नाही. ती दुपार आणि ती रात्र गप्प बसले. नोकरी नुकती वाचली होती. सांगितलं असतं तर आप्पांना दुसऱ्यांदा कारण मिळालं असतं, आणि या वेळी खरं. ओढ्यातल्या वाट्या आठवत नव्हत्या असं नाही. आठवत होत्या. तरी गप्प बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता छापूनच टाकते.

सकाळी सूनबाईला म्हणाले, "एक खोटा माणूस तयार करा. त्याला तक्रारी द्या. मंग त्याला कामावरून काढा."

आम्ही त्याचं नाव अबक ठेवलं. त्याला तीन तक्रारी दिल्या, तिन्ही यादीत दिसल्या. मग मी दगडूचं काढलं होतं तसं अबकचं नाव काढलं. तिन्ही गेल्या. बिचारा अबक दहा मिनिटांत नोकरीला लागला आणि रिटायरही झाला.

त्याचं असं होतं की प्रोग्रॅम नाव खोडत नाही, बाजूला ठेवतो. पण यादी करताना तो आधी माणूस शोधायचा. माणूस बाजूला, तर त्याची कामंही बाजूला. फळ्यावरून नाव पुसलं म्हणून वहीतली तक्रार कधी पुसली गेली नव्हती. इथं जात होती.

सूनबाई माझ्याकडं वळली. म्हणाली, "मावशी, हे आप्पांना कळलं की कॉम्प्युटर बंद. मी परत आत, पोळ्या लाटायला."

"अन् मी घरी."

"मग?"

"दगडूच्या किती तक्रारी अशा पडल्यात ते तुमाला ठावं हाय का? मला न्हाई. लिहा."

तिनं लिहिलं. पहिली ओळ, सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढलं. कुणी काढलं ते लिहावं लागत नाही, असं ती म्हणाली. मी म्हणाले, तिकडं नका लिहू, इकडं कुणी विचारलं तर मी तोंडानं सांगीन.

परीक्षा नापास झाली. दुरुस्ती अवघी दोन ओळींची निघाली. परीक्षा पास झाली. सगळं तिकडं पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की दुरुस्ती घेतली, चूक पहिल्यापासून तिथं होती आणि आजवर कुणाला दिसली नव्हती. सूनबाईनं विचारलं, का दिसली नसेल. त्या माणसानं कळवलं की त्यांच्याकडं कुणी सोडून गेलं तर आधी त्याची कामं दुसऱ्यांना वाटून देतात, नाव सगळ्यांत शेवटी काढतात. आमच्याकडं आधी नाव पुसतात. कामाचं कुणाला आठवत नाही.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आमच्या मशीनवर घातला आणि यादी उघडली. एकोणीस हापसे. सखूबाईच्या तारखेपेक्षा जुन्या तारखा होत्या. त्यातल्या काही वस्त्या मला माहीत होत्या, तिथून बूथवर यायला अर्धा दिवस जातो. पुन्हा फोन कुणी केला नव्हता. एकदा नोंदवली, नंबर मिळाला, म्हणजे कुणीतरी येईल असं त्यांना वाटलं असणार. नंबर मीच दिला होता आणि नावही मीच काढलं होतं. माझ्या एका बोटात एवढी ताकद आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

आप्पा मागच्या खोलीत आले. चार दिवसांनी साहेब येणार होते आणि रिकामी यादी बघायला सोबत आणखी दोन साहेब आणणार होते. आप्पांनी पडदा बघितला.

"हे कुटून आलं?"

मी सांगितलं. दगडूचं नाव काढलं, तेव्हापासून त्याच्या तक्रारी दिसत नव्हत्या. आता दिसतात.

"नाव कुणी काढलं?"

"मी. तुमी सांगितलं, मी काढलं."

आप्पा माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. त्यांचं लक्ष त्या एकोणीस ओळींवर होतं. मग शांतपणे म्हणाले, "सूनबाई, आदी व्हता तसा करून ठिवा. साहेब येऊन गेल्यावर बघू."

 सासऱ्यापुढं सूनबाई डोक्यावरचा पदर पडू देत नसे. त्या दिवशी पदर नीट करून तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"आप्पा, ते आता होत नाही. दुरुस्ती परदेशात गेली. त्यांनी घेतली. आता जगात सगळीकडं तसाच चालणार, आपल्याला एकट्याला मागं जाता येत नाही."

"आपल्या दुकानातल्या मशीनवर बी न्हाई?"

"नाही."

आप्पांनी मग माझ्याकडं बघितलं. "गयाबाई, खरं हाय का हे? लोकांच्या चुका काढायला तूच बसलीस ना इथं?"

जुना प्रोग्रॅम सूनबाईच्या टेबलाच्या वरच्या खणात सीडीच्या चकतीवर होता. चकतीवर चिठ्ठी मीच चिकटवली होती. परत घालायला दहा मिनिटं लागली असती, चहा येईपर्यंत यादी पुन्हा रिकामी.

मी म्हणाले, "तपासून सांगते."

 आप्पा दगडूकडं माणूस धाडायला बाहेर गेले, कारण ते एकोणीस हापसे दुसऱ्या कुणाला धड माहीत नव्हते. त्याच्यासोबत सायकलही परत पाठवली, टायरसकट.

त्यानंतर तीन वर्षं मी तिथं होते. ते तपासायचं माझ्याकडून राहूनच गेलं.